मदत हवी आहे: शिडाच्या बोटीत गादीखाली पाणी. गळती की दमटपणा?

नमस्कार. आम्ही दोघं आठ महिन्यांपासून ३४ फुटी फायबरग्लासच्या शिडाच्या बोटीवर राहतोय. बोट जुनी, आम्ही नवखे. बाकी सगळ्याची सवय झाली. बादलीभर पाण्यात दोघांची अंघोळ, व्होल्टमीटर बघून फ्रिज चालू ठेवायचा की नाही ते ठरवणं, रात्री वाऱ्यात डोलकाठीवर टणटण आपटणारा दोर (तो आता झोपायच्या आधीच बाजूला ओढून बांधतो). पण एक गोष्ट काही केल्या सुटत नाहीये.

झोपतो पुढच्या केबिनमध्ये. परवा गादी उचलली तर खालची फळी ओली. नुसती दमट नाही, हात फिरवला तर तळवा भिजला. गादीच्या पोटाला काळे ठिपके पडलेत आणि कप्प्यातली पुस्तकं फुगून वेडीवाकडी झालीत. रोज गादी उभी करून ठेवायची म्हटलं तर बोटीत उभं राहायला जागा उरत नाही.

नवरा म्हणतो, डेकमधून गळतंय. मी म्हणते, आपलाच श्वास आहे. चाखून बघायचं ठरलं: खारट लागलं तर समुद्राचं. त्याला खारट लागलं, मला नाही. मग मी त्याला कोरडं बोट चाखायला लावलं, तर तेही खारट! बोटीवर राहिलं की बोटही खारट होतं, त्यामुळे ती परीक्षा बाद.

हवेतला ओलावा शोषणारे कॅल्शियम क्लोराईडचे डबे ठेवले, पटापट पाण्याने भरतात. डिह्युमिडिफायर (हवा कोरडी करणारं यंत्र) धक्क्याची वीज असेल तेव्हाच चालतो, आणि आम्ही बहुतेक वेळ नांगरावर. दीड-दोनशे वॅट १२ व्होल्टच्या बॅटरीतून काढायचे म्हणजे पंधराएक अँपिअर, ते आमच्या सोलरला झेपत नाही. आधी काय शोधू? गळती असेल तर नेमकी कुठून, हे कसं कळतं?

प्रतिसाद १

दोन्ही असणार, जुन्या बोटीत बहुधा दोन्ही असतं. पण तुमचं म्हणणं आधी घेतो, कारण त्याचा इलाज सोपा आहे. श्वास आणि त्वचा मिळून दोन माणसं रात्रभरात अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतात. अंगाखाली गादी गरम, फळी आणि तिच्याखालची बोटीची भिंत गार, मग वाफ तिथेच जमते. त्यात स्वयंपाक आतच होतो ना? एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं. हे मला कळलं तेव्हा मी खिडकी बंद ठेवून शेगडी पेटवणं सोडलं. तसंही बंद केबिनमध्ये ती पेटवणं कार्बन मोनॉक्साइडमुळे धोक्याचंच.

गादी आणि फळी यांच्यात हवा खेळेल अशी जाळीदार चटई घाला, फळीला भोकं पाडा. नांगरावर बोट वाऱ्याकडे तोंड करून असते, म्हणून पुढची हॅच (छतातली झडप) बोटभर (पुन्हा तेच!) उघडी ठेवा आणि मागचं दारही थोडं उघडं. आणि समुद्राच्या पाण्यात भिजलेले कपडे आत वाळवू नका. मीठ हवेतलं पाणी ओढतं, ते कपडे कधी वाळतच नाहीत.

प्रतिसाद २

चाखण्याची परीक्षा बाद नाही, फक्त बोट आधी गोड्या पाण्याने धुवायचं. पण एक खोच आहे. पावसाचं पाणी डेकवरचं मीठ घेऊन आत येतं, म्हणजे खारट लागलं तरी ते पावसाचंच असू शकतं.

त्यापेक्षा हे करा. सगळं पुसून कोरडं करा. डेकवरचा प्रत्येक बोल्ट आतून जिथे दिसतो तिथे टिशू पेपरचा तुकडा चिकटवा. मग एका माणसाने वर गोडं पाणी ओतायचं, एकेका जागी, दहा-दहा मिनिटं. घाई केलीत तर काही कळणार नाही. पाणी आत शिरतं एकीकडे आणि छताच्या अस्तरामागून वाहत टपकतं भलतीकडेच. माझा संशय कठड्याच्या खांबांवर. धक्क्यावर चढताना सगळे तोच धरून बोट ओढतात, खांब हलतो, खालचं सील सुटतं. सापडलं तर वरून सिलिकॉन फासू नका. बोल्ट काढून, साफ करून ब्युटाइल टेपवर (चिकट रबरी पट्टीवर) बसवा.

धागा लेखिका

दोघांचेही आभार! गादी उचलून खाली सुटे पट्टे टाकले, हॅच उघडी ठेवली. चार रात्रींत डावी बाजू कोरडी ठणठणीत. उजवी मात्र ओलीच. मग टिशूचा प्रयोग केला. तिसऱ्या खांबाखालचा कागद सातव्या मिनिटाला मधोमध गडद झाला आणि हळूहळू कडेपर्यंत पसरला. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

बोल्ट काढला तर भोकातून तपकिरी पाणी आलं. डेकचा गाभा, म्हणजे फायबरग्लासच्या दोन थरांमधला भाग, बाल्सा या हलक्या लाकडाचा आहे. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने आजूबाजूला ठोकून बघितलं: बाकी टणक आवाज, पण भोकाभोवती तळहाताएवढ्या जागेत बद्द. तेवढाच ओला गाभा आतून कोरून काढून इपॉक्सीने भरता येईल, की वरचा थर कापावाच लागतो? आणि हे काम नांगरावर राहून, त्याच केबिनमध्ये झोपून कुणी केलंय का?