मिलानचे वीजबिल आणि कनिष्ठ न्यायाधीश

लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने युरोपीय कायद्याचे राष्ट्रीय कायद्यांवरील श्रेष्ठत्व सदस्य राष्ट्रांवर वरून लादले, हे मत मला अपुरे वाटते. कोस्टा खटला जवळून पाहावा. इटलीने वीजउद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले, तेव्हा एका वीजकंपनीचे भागधारक असलेले मिलानचे वकील फ्लामिनिओ कोस्टा यांनी हे राष्ट्रीयीकरण युरोपीय आर्थिक समुदाय स्थापन करणाऱ्या रोम कराराविरुद्ध आहे असे म्हणत दोन हजार लिरांहूनही कमी रकमेचे वीजबिल भरण्यास नकार दिला, आणि किरकोळ दावे ऐकणाऱ्या तिथल्या न्यायाधीशाने त्या कराराच्या कलम १७७ खाली, म्हणजे राष्ट्रीय न्यायालयांना कराराच्या अर्थाविषयी युरोपीय न्यायालयाला विचारू देणाऱ्या तरतुदीखाली, प्रश्न थेट लक्झेंबर्गला पाठवला. मार्च १९६४ मध्ये इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने करारापेक्षा नंतरचा राष्ट्रीय कायदाच वरचढ ठरवला होता. जुलैत लक्झेंबर्गने नेमके उलटे उत्तर दिले.

माझ्या मते खरी समाजशास्त्रीय गोष्ट इथेच आहे: न्यायव्यवस्थेच्या तळाशी बसलेल्या माणसाला आपल्या वरिष्ठांना ओलांडून जाणारी वाट मिळाली, आणि ती वापरण्यात त्याचे व वकिलांचे हितसंबंध गुंतत गेले. वरिष्ठ न्यायालये अर्थातच गप्प राहिली नाहीत. १९७४ मध्ये जर्मन घटनात्मक न्यायालयाने, युरोपीय पातळीवर मूलभूत हक्कांचे तितकेच संरक्षण मिळेपर्यंत युरोपीय कायद्यांच्या तपासणीचा अधिकार स्वतःकडे राखला, आणि १९८६ मध्ये ते संरक्षण पुरेसे मानूनच हात आखडता घेतला.