ग्वाल्हेरच्या मुरारचं जुनं ख्रिस्ती कब्रस्तान: जपायचं, उकरायचं की सोडून द्यायचं?

लष्करवाला:
इंग्रजांच्या छावणीच्या काळातल्या या कबरींवर पिंपळ माजलेत, संगमरवरी पाट्या फुटतायत. पुरातत्त्ववाल्यांनी इथे काम करावं, पण कुदळ न लावता. सकाळच्या तिरप्या उन्हात पुसट अक्षरं उठून दिसतात. तेव्हा फोटो घ्या, मजकूर उतरवा, नकाशावर कबरीला क्रमांक द्या. मुळं काढणं आणि डागडुजी नंतर. आणि सिमेंट नको, चुनाच हवा. सिमेंटमागे ओल कोंडते आणि क्षार वालुकाश्माचे पापुद्रे काढतात.

शिंदेशाही:
२९ डिसेंबर १८४३. महाराजपूर आणि पनिहार, इंग्रजांशी एकाच दिवशी दोन लढाया, आपली शिंद्यांची फौज मोडली. आपल्या तोफांच्या धातूचं स्मारक इंग्रजांनी कोलकात्याला हुगळीकाठी उभारलं, ते आजही आहे. आणि आता त्यांच्या कबरींना चुनाही आपणच लावायचा? आधी शिंद्यांच्या समाध्यांकडे, छत्र्यांकडे बघा!

लष्करवाला:
छत्र्यांना नाही कोण म्हणतंय? पण छावणीच्या कब्रस्तानात सगळे सेनापती नसतात. बायका असतात, तान्ही मुलं असतात, तापानं नि पटकीनं गेलेले शिपाई असतात. एकाच उन्हाळ्यातल्या तारखा ओळीनं दिसल्या की साथीचा अंदाज येतो. ही माहिती ग्वाल्हेरचीच आहे, त्यांच्याबरोबर ती विलायतेला गेलेली नाही.

हाडवैद्य:
नुसते दगड वाचून भागत नाही हो. लंडनला स्पिटलफील्ड्सच्या चर्चच्या तळघरातून १९८४ ते १९८६ मध्ये हजाराच्या आसपास सांगाडे काढले. त्यातल्या ३८७ जणांची नावं आणि वयं शवपेटीवरच्या पट्ट्यांवरून कळली. म्हणून तर हाडांवरून वय काढायच्या पद्धती तपासता आल्या. म्हाताऱ्यांचं वय कमी धरलं जात होतं, हे तिथे उघड झालं.

मुरारकरीण:
ते तळघर चर्चच्या दुरुस्तीसाठी रिकामं करायचंच होतं, म्हणून काढले. इथे काय अडलंय? आम्ही ख्रिस्ती घरातली माणसं अजून याच गावात राहतो. पाट्या वाचा, खुशाल वाचा. हाडांना हात लावायचा तर आधी आम्हाला विचारा.

हाडवैद्य:
विचारल्याशिवाय कोण उकरतंय? पण उद्या रस्ता आला तर घाईत जेसीबी फिरेल. त्यापेक्षा नीट उत्खनन बरं.

भिंतीशेजारी:
माझं घर लागूनच आहे. केंद्राच्या संरक्षित यादीत गेलं की १०० मीटरांत नवं बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरांत परवानगी. माझा वरचा मजला अर्धा पडलाय, त्याचं काय?

लष्करवाला:
१०० वर्षं झाली म्हणून काही आपोआप यादीत जात नाही. प्राचीन स्मारकांच्या १९५८च्या कायद्याप्रमाणे ते राष्ट्रीय महत्त्वाचं ठरून अधिसूचना निघावी लागते. मी नोंदीबद्दल बोलतोय. त्यानं तुमचा मजला अडत नाही.

भिंतीशेजारी:
मग नोंदी करा. अर्ज मात्र दिल्लीला धाडू नका.

शिंदेशाही:
नोंदीच करायच्या तर महाराजपूरला पडलेल्या आपल्या लोकांच्याही करा. त्यांची नावं कोणत्या दगडावर आहेत?

मुरारकरीण:
हे मात्र खरं. पण त्यासाठी इथला पिंपळ वाढू द्यायची गरज नाही.