कडबा बंद केल्यापासून गाय रवंथ करत नाही आणि फॅट उतरली आहे

प्रश्न (चिकोडी तालुका, दूधगंगेकाठचे गाव)

नमस्कार मंडळी. माझ्या गोठ्यात दोन संकरित होल्स्टिन गाई आणि एक खिल्लार बैलजोडी आहे. साखर कारखान्यांचा हंगाम संपला तसे उसाचे वाढे (शेंड्याकडची हिरवी पाने) मिळेनासे झाले, आणि अथणीकडून येणारा शाळूचा कडबा यंदा परवडेना, म्हणून गाईंचा कडबा मी पूर्ण बंद केला. बैलांपुरता जुना कडबा तेवढा राखून ठेवला आहे. आता प्रत्येक गाईला दिवसाला नेपिअरची अगदी बारीक कुट्टी २५ किलो, गोळी पेंड ६ किलो आणि मक्याचा भरडा २ किलो देतो. गाईचे वजन अंदाजे ४०० किलो असून दूध १२ लिटर आहे. हा सगळा बदल मी दोन दिवसांत केला.

पहिल्या आठवड्यात दूध लिटरभर वाढले, त्यामुळे आपण योग्य केले असे मला वाटले. त्यानंतर मात्र फॅट ३.९ वरून ३.१ वर आली. शेण पातळ व फेसाळ पडते, त्याला आंबूस वास येतो आणि त्यात मक्याचे कण जसेच्या तसे दिसतात. गाय निवांत बसलेली असली तरी तिचे तोंड हलताना क्वचितच दिसते, आणि एक दिवस सगळे खाते तर दुसऱ्या दिवशी अर्धी वैरण गव्हाणीत तशीच राहते. एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) पूर्वीइतकाच, ८.५ च्या आसपास आहे. तरीही दूध घालायला गेलो असताना त्यात पाणी मिसळले आहे का, असे मला चारचौघांत विचारले गेले आणि ते मनाला फार लागले. दोष पेंडीत आहे, नेपिअरमध्ये आहे, की माझे काही चुकते आहे? बैलांची तब्येत उत्तम आहे, म्हणून कोडे अधिकच वाढले आहे.

उत्तर १ (निवृत्त पशुवैद्यक, बेळगाव)

आपण दूध, वजन आणि वैरणीचे आकडे दिलेत, त्यामुळे नेमके बोलता येते. पहिली गोष्ट म्हणजे दुधात पाणी घातले असते तर फॅट आणि एसएनएफ दोन्ही उतरले असते. एकटी फॅट उतरली आहे, म्हणजे कारण गाईच्या पोटात आहे, आणि हे आपण दूध घेणाऱ्यांनाही सांगू शकता.

आता हिशेब पाहू. हिरव्या नेपिअरमध्ये पाणीच फार असते. २५ किलो नेपिअरमधून सुका भाग जेमतेम ५ किलो मिळतो. पेंड आणि भरडा मिळून ८ किलो, त्यातला सुका भाग ७ किलोंच्या पुढे जातो. एकूण सुमारे १२ किलो ही गरज वजनाच्या मानाने भागते, पण त्यात जवळजवळ ६० टक्के खुराक (पेंड आणि भरडा) आणि ४० टक्के वैरण झाली आहे. हे प्रमाण नेमके उलटे हवे होते. डोळ्यांना हिरव्या वैरणीचा भारा मोठा दिसतो आणि पेंडीची पाटी लहान दिसते, म्हणून ही चूक अनुभवी माणसाकडूनही होते.

गाईच्या कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, शंभर लिटरच्या वर माल मावतो आणि तिथे असंख्य जिवाणू चारा आंबवण्याचे काम अखंड करत असतात. काही जिवाणू वैरणीतले तंतू फोडतात आणि काही पिठूळ पदार्थांवर जगतात. तंतू आंबले की मुख्यतः ॲसेटिक आम्ल तयार होते, आणि कासेत दुधाची फॅट बनवण्यासाठी तेच कच्चा माल म्हणून लागते. मक्याचा भरडा मात्र फार वेगाने आंबतो व थोड्या वेळात भरपूर आम्ल निर्माण करतो. कोठीपोटाचा सामू (पीएच, आम्ल वाढले की हा आकडा उतरतो) एरवी ६ ते ७ च्या दरम्यान असतो. तो ५.८ च्या खाली वारंवार जाऊ लागला की तंतू फोडणारे जिवाणू मंदावतात, आणि मग फॅट उतरते, शेण बिघडते, गाय एक दिवस खाते व एक दिवस टाकते. आपण लिहिलेले प्रत्येक लक्षण याच वाटेवरचे आहे.

या आम्लाला उतारा गाईच्या लाळेत असतो. मोठी गाय दिवसाकाठी १०० लिटरहून अधिक लाळ गिळते, आणि त्या लाळेत सोड्यासारखे क्षार असतात. पण लाळ सुटते ती चावल्याने, आणि पुन्हा पुन्हा चावणे घडते ते लांब, खरखरीत धाग्याची वैरण पोटात असेल तरच. निरोगी गाय दिवसाचे ७ ते ८ तास रवंथ करते. कडबा गेला आणि कुट्टीही भुशासारखी बारीक झाली, त्यामुळे आम्ल वाढले त्याच वेळी लाळ घटली. बैलांना भरडा मिळत नाही आणि कडबा मिळतो, म्हणून ते सुखरूप आहेत. पेंडीला किंवा नेपिअरला मी दोष देणार नाही.

मक्याचा भरडा आजच अर्ध्या किलोवर आणा आणि गोळी पेंड ५ किलोंवर ठेवून ती दिवसातून तीन ते चार वेळा विभागून द्या. रिकाम्या पोटी खुराक कधीही देऊ नका, आधी कडबा आणि मगच खुराक. कडबा ४ किलो आणि नेपिअर २० किलो केलेत की प्रमाण वैरण ६०, खुराक ४० असे होते. कुट्टीचे तुकडे ३ ते ४ सेंटिमीटर लांबीचे ठेवा. पोट सावरेपर्यंत खाण्याचा सोडा रोज १०० ग्रॅम पेंडीत मिसळून द्यावा. खनिज मिश्रण ५० ग्रॅम आणि मीठ ३० ग्रॅम मात्र कायम चालू ठेवावे. खुराक कमी करताना थांबू नये, पण पुढे कधी वाढवायचा झाला किंवा नवी वैरण आणायची झाली तर १० ते १५ दिवस घेऊन थोडे थोडे बदलावे, कारण कोठीपोटातल्या जिवाणूंची घडी नव्या अन्नाप्रमाणे बसायला दोन-तीन आठवडे लागतात.

गाईच्या डाव्या भकाळीवर (बरगड्यांमागच्या खोलगट कुशीवर) मूठ दाबून धरा. दर दोन मिनिटांत दोन-तीन वेळा आतून लाट आल्यासारखे जाणवले पाहिजे. ते जाणवत नसेल तर माझ्या उत्तरावर विसंबू नका, जवळच्या पशुवैद्यकांना प्रत्यक्ष बोलवा. खुरांकडेही लक्ष असू द्या, कारण हे आम्ल दीर्घकाळ टिकले तर काही आठवड्यांनी गाय लंगडू लागते.

उत्तर २ (हुक्केरी)

पुढच्या महिन्यात ज्येष्ठी पौर्णिमेला कारहुणवी, हा बैलांचा सण, येतो, म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही. चार वर्षांपूर्वी आमच्या बैलाला सणाच्या दिवशी घरच्यांनी, भावकीने आणि शेजाऱ्यांनी प्रेमाने पुरणपोळी व भात चारला. प्रत्येकाने थोडाच दिला, पण एकूण किती झाला याचा हिशेब कोणी ठेवला नाही. रात्रीपासून तो दात खाऊ लागला, पोट गच्च झाले, पोटात पाणी डचमळल्यासारखा आवाज येऊ लागला, डोळे खोल गेले आणि दुसऱ्या दिवशी तो उठलाच नाही. उपचार झाले, पण उशीर झाला होता. शिजवलेला भात आणि गूळ मक्याच्या भरड्यापेक्षाही लवकर आंबतात, हे आम्हाला तेव्हा समजले. लग्नातले उरलेले अन्न गोठ्यात नेणेही तितकेच घातक आहे. आता आमच्या घरी नैवेद्याचा एकच घास दिला जातो, आणि तोही पोटभर वैरण खाल्ल्यानंतर.

उत्तर ३ (खानापूर तालुका)

दादा, कडबा परवडत नसेल तर भाताचे पिंजर (पेंढा) पाहा. आमच्याकडे पाऊस जास्त, त्यामुळे शाळू होत नाही आणि आमच्या गाई पिंजरावरच जगतात. त्यात पोषण कमी असले तरी रवंथासाठी लागणारा धागा भरपूर असतो. आम्ही १०० किलो पिंजरावर ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडतो, थरावर थर दाबून प्लॅस्टिकच्या कागदाखाली हवाबंद ठेवतो आणि २१ दिवसांनी उघडतो. उघडल्यावर वास उडेपर्यंत ते पसरून ठेवावे. सहा महिन्यांखालच्या वासरांना ते देऊ नये, आणि वैरणीवर युरिया टाकून लगेच खाऊ घालण्याचा विचारही मनात आणू नये, त्याने जनावर दगावते.

वाढ्यांविषयीही एक सांगते. त्यात ऑक्झलेट असते आणि ते कॅल्शियमला धरून ठेवते. हंगामात केवळ वाढ्यांवर गाय ठेवली तर खनिज मिश्रण चुकवू नये.

प्रश्नकर्त्याकडून (तीन आठवड्यांनंतर)

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे केले. निम्मा कडबा बैलांच्या साठ्यातून काढला आणि निम्म्याच्या जागी खानापूरहून आणलेले साधे पिंजर वापरतो आहे. पाचव्या दिवशी शेण घट्ट झाले. फॅट मात्र हळू चढली, आठव्या दिवशी ३.४ आणि काल ३.८ लागली. दूध अर्धा लिटर कमी आहे, पण पेंड आणि भरड्याचा खर्च घटल्यामुळे हातात पूर्वीपेक्षा जास्त राहते. सायंकाळी गोठ्यात बसून मोजले, गाय एका घासाला ५५ वेळा चावते आहे.

वर्षाचा हिशेबही मांडला. रोज ४ किलोप्रमाणे दोन गाईंना सुमारे तीन टन कडबा लागतो. पुढच्या फेब्रुवारीत शाळूची काढणी होताच, भाव उतरलेले असतानाच, तेवढी गंजी घालून ठेवणार आहे. अथणीकडून कोणी एकत्र गाडी आणणार असेल तर येथे कळवावे.