बिलावर मंजूर भार २ किलोवॅट अन् मीटरवर एमडी ३.४२, म्हणजे काय?

मानेवाडा_आई:
नमस्कार. मे महिन्याचं बिल आलं, ४१२ युनिट. वाढणार हे माहीत होतं, कारण एप्रिलात मुलीच्या खोलीत दुसरा एसी बसवला, कूलरच्या आवाजात तिचं अभ्यासात लक्ष लागत नव्हतं. पण मीटरची स्क्रीन आपोआप बदलत राहते ना, त्यात एमडी ३.४२ दिसलं अन् बिलावर मंजूर भार २ किलोवॅट लिहिलाय. मग ४१२ चा अन् ३.४२ चा संबंध काय? बिल एमडीमुळे वाढलं का? दोन दिवसांपासून हेच डोक्यात घोळून राहिलं.

हिंगणा_मेंटेनन्स:
ताई, लग्नातली पंगत डोळ्यासमोर आणा. दिवसभरात एकूण किती पानं उठली ते युनिट, अन् एका वेळी सगळ्यात मोठी पंगत कितीची बसली ती एमडी, म्हणजे मॅक्झिमम डिमांड. मंजूर भार म्हणजे मांडव कितीचा घातलाय ते. तुमचे ४१२ युनिट महिन्याच्या ७२० तासांत वाटले तर सरासरी ०.५७ किलोवॅटच येते, पण रात्री दोन्ही एसी सोबत चालले (दीड टनाचा एक साधारण दीड किलोवॅट खातो), वरून फ्रिज, पंखे, टीव्ही, की झाले ३.४२. अन् हा आकडा एका क्षणाचा नसतो, मीटर अर्ध्या तासाची सरासरी धरतो, काही मीटरमधे पंधरा मिनिटांची. म्हणून ७५० वॅटचा मिक्सर दोन मिनिटं फिरवला तर त्या अर्ध्या तासात जेमतेम ५० वॅटचीच भर पडते.
आमच्या कारखान्याला उच्चदाब कनेक्शन आहे, तिथे डिमांडचे केव्हीएनुसार (किलोवॅटसारखंच भाराचं एक माप) वेगळे पैसे लागतात, त्यामुळे मोठ्या मोटारी एकदम सुरू करूच देत नाही आम्ही. घरच्या सिंगल फेजला तसं नाही, स्थिर आकार ठरलेला असतो, त्याला एमडीनं गुणत नाहीत. बिल वाढलं ते युनिटनं.

त्रिमूर्तीनगर:
अन् ३०० च्या वर गेलं की सगळेच युनिट महाग होतात ना? आमच्याकडे सगळे हेच म्हणतात.

हिंगणा_मेंटेनन्स:
नाही भाऊ, हा गैरसमज घरोघरी आहे. टप्पे ०-१००, १०१-३००, ३०१-५०० अन् ५०० च्या वर. ताईंचे पहिले १०० स्वस्त दरानं, पुढचे २०० त्याच्या वरच्या दरानं, फक्त शेवटचे ११२ तिसऱ्या दरानं. त्यावर युनिटमागे वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवायचे पैसे) अन् मग १६ टक्के वीज शुल्क. म्हणून वाचवलेला प्रत्येक युनिट सगळ्यात महाग टप्प्यातला वाचतो, हे लक्षात ठेवा.

कोराडी_रोड:
पैसे लागत नाहीत म्हणून एमडी सोडून देऊ नका ताई, मला यातली हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. मंजूर भार २ च राहिला तर कागदावर तुमच्या घराची गरज २ च दिसते, अन् गल्लीत वीस घरांनी असे एसी वाढवले की मेच्या रात्री अकराला डीपीवर (गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर) खरा लोड कितीतरी जास्त, मग फ्यूज उडतो अन् म्हातारी माणसं, लेकरं अंगणात बसतात. कोराडीच्या वीज केंद्राचा वीज बनवणारा एक मोठा संच ६६० मेगावॅटचा, घरामागे ३ किलोवॅट एकाच वेळी धरले तर हिशोबानं दोन लाख वीस हजार घरांतच संपला. भार वाढवायचा अर्ज करून टाका, अन् मीटरपासून घरात येणारी वायर तेवढ्या लोडची आहे का हे इलेक्ट्रिशियनला आधी दाखवा, जुन्या घरात वायर तापते.

मानेवाडा_आई:
खूप आभार तुमचे सगळ्यांचे. काल रात्री मुलीला आमच्याच खोलीत झोपवलं, एकच एसी २६ वर अन् पंखा. मीटरवर तेव्हाचा लोड १.७ च्या आसपास दिसला. वायरिंग १९९८ चं आहे, इलेक्ट्रिशियन रविवारी येतोय, भार वाढवायचा अर्ज त्यानंतर करते.