फिल्म आणि डिजिटल एका टाइमलाइनवर: सांधा लपवायचा की दिसू द्यायचा?

रीळवेडा: हर्णैच्या घरचा गणपती. आजोबांनी 1977 मध्ये सुपर एटवर, म्हणजे 8 मिलिमीटरच्या घरगुती फिल्मवर, घेतलेली तीन रिळं, काकाने 2001 मध्ये मिनी-डीव्ही टेपवर केलेलं तासाभराचं शूटिंग आणि मागच्या वर्षीचं माझ्या फोनमधलं फोर-के. या तिन्हींतून वीस मिनिटांची फिल्म जुळवतोय. ज्याला दाखवावी तो म्हणतो, "फोनच्या शॉटवर फिल्मसारखा दाणेदार ग्रेन टाक, रंग उतरव, एकजीव होईल."

मी नाही टाकणार. रिळाचा ग्रेन फिल्मच्या अंगचा असतो, दर फ्रेमला वेगळा. फोनच्या चित्रावर भुरभुरवलेला ग्रेन म्हणजे कच्च्या पोह्यांवर कोथिंबीर.

आणि खरा फरक ग्रेनमध्ये नाहीच. 50 फुटांचं रीळ सेकंदाला 18 फ्रेमने जेमतेम 3 मिनिटं 20 सेकंद चालतं. म्हणजे आजोबांकडे दीड दिवसाच्या गणपतीसाठी दहा मिनिटं होती. त्यांचा एक शॉट पाच-सहा सेकंदांचा, बघून, ठरवून घेतलेला. मी आरतीला फोन सुरू केला तो विसर्जनालाच बंद केला. हे अंतर कुठला फिल्टर भरून काढणार?

वेग मात्र दुरुस्त केला. स्कॅन करून आलेली फाईल 24 फ्रेमने चालत होती, त्यामुळे आजी नैवेद्याचं ताट घेऊन धावतच यायची. घरचे हसले. मला हसू आलं नाही, आजी सावकाश चालायची.

कात्री_कामगार: पोह्यांचं ठीक आहे, पण बघणारा गणपती बघायला बसलाय, फॉरमॅट नाही. दर कटला डोळ्याला ठेच लागली तर तो आजीकडे बघेल की पिक्सेलकडे? 'स्लमडॉग मिलियनेर' (2008) आठव. मुंबईच्या गल्ल्यांत छोटा डिजिटल कॅमेरा, इतर ठिकाणी फिल्म, आणि सिनेमॅटोग्राफीचं ऑस्कर घेऊन गेला. कुठला शॉट कशावर घेतला हे थिएटरात कुणी मोजत बसलं नाही. खोटे ओरखडे टाक असं मी म्हणतच नाही. फोनचा शार्पनेस उतरव, काळा रंग थोडा उचल, पांढरा जुळव. याला फसवणूक नाही, एडिटिंग म्हणतात.

रीळवेडा: तिथे गोष्ट एक, ग्रेडिंग, म्हणजे रंगजुळणी, एका हातची. माझ्याकडे 47 वर्षं आहेत. कट झाल्यावर काळ बदललाय हे डोळ्याला कळलंच पाहिजे, नाहीतर वर तारखा लिहीत बसावं लागेल. शार्पनेसचं मान्य. फोनवर गणपतीच्या सोंडेचा रंग नेलपॉलिशसारखा दिसतोय.

तांत्रिक_तात्या: तुमचं तत्त्वज्ञान चालू द्या. आधी एडिटिंगची टाइमलाइन सेकंदाला 24 फ्रेमची घे. 18 ला 24 मध्ये बसवायला दर तिसरी फ्रेम दोनदा दाखवली की झालं. 25 मध्ये दर 18 फ्रेमला 7 जादा फ्रेम वेड्यावाकड्या पेराव्या लागतात, चाल अडखळते. काकाची टेप पाल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीची, सेकंदाला 25 फ्रेमची. ती 24 वर आणली की 4 टक्के हळू होईल, आरतीचा सूर किंचित उतरेल, तो वर घे. तिची प्रत्येक फ्रेम दोन फील्डची, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची असते, म्हणून आरतीचं तबक फिरलं की कडेला कंगव्याचे दाते दिसतात. आधी डीइंटरलेस, म्हणजे ती अर्धी चित्रं नीट एक करणं, मग चित्र मोठं करणं. उलट केलंस तर दातेही मोठे होतील. फोनचा फ्रेमरेट मध्येच कमीजास्त होतो, तो आधी स्थिर करून घे, नाहीतर "सुखकर्ता" ओठांवर एकीकडे आणि कानात दुसरीकडे.

बाकी ग्रेन टाकून अपलोड कराल तर कॉम्प्रेशन त्याचा चिखल करतं. आजोबांच्या खऱ्या ग्रेनचाही करेल, हे रीळवेड्याने लक्षात ठेवावं.

एडिसनची_आत्या: आमच्याकडची न्यूजर्सीची टेप एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्हीच्या पद्धतीची, सेकंदाला 29.97 फ्रेम. तिचं काय करायचं ते तात्यांना वेगळं विचारीन. माझं भांडण चौकटीशी आहे. भाच्याने सुपर एट पडदाभर पसरवलं आणि वरखाली मिळून पाव चित्र गेलं. माझ्या सासऱ्यांची पगडी गेली! बाजूच्या काळ्या पट्ट्यांनी कुणाचं काही बिघडत नाही.

कात्री_कामगार: पट्ट्यांबद्दल आत्याबाईंशी शंभर टक्के सहमत.

मूकपट: रीळवेडा, आजोबांची रिळं मुकी असणार. 1977 च्या चित्राखाली आवाज कुठला?

रीळवेडा: काकाच्या टेपमधली आरती. आजीच गातेय.

मूकपट: म्हणजे फोनवर खोटा ग्रेन चालत नाही, पण 1977 मधल्या तरुण आजीच्या तोंडी 2001 चा थकलेला आवाज चालतो? चित्राचा सांधा दाखवायचा आणि आवाजाचा लपवायचा?

कात्री_कामगार: वा. आता दे उत्तर.

रीळवेडा: अडकवलंस. तो भाग काल रात्री पुन्हा लावून बघितला. आवाज काढला तर नुसता मुका गणपती राहतो आणि आई उठून आत जाते. ठेवला तर ती शेवटपर्यंत बसते. तूर्तास असं केलंय: आरती 2001 च्या चित्रावर सुरू होते, आजी गाताना दिसते, आणि तोच आवाज चालू असताना कट 1977 वर. आवाज कुठून आलाय हे निदान आधी दिसतं.

मूकपट: हे चालेल. पण ओठ हलताना दिसणारा शॉट तिथे ठेवू नकोस.