रोज उठून 'सहमत'

गाडीतल्या पडद्यावर नकाशा उघडण्याआधी येणारा इशारा कंपनीची कायदेशीर जबाबदारी झटकायला असतो, असं म्हणतात; ते पटलं. पण एकदाच विचारा ना! आमच्या इंदुरात घरून पलासिया, तिथून राजवाडा. दर वेळी गाडी सुरू केली की तोच मजकूर: 'लक्ष रस्त्यावर ठेवा.' 'सहमत' दाबल्याशिवाय नकाशा उघडत नाही. घाईत निघालं की ते बटण नेमकं चौकात दाबावं लागतं, म्हणजे नजर रस्त्यावरून हटवतो तो इशाराच! परवा मागून आई म्हणाली, "अरे, रोज कोणाला हो म्हणतोस?"

खाली बारीक अक्षरात 'नकाशा प्रत्यक्षाहून वेगळा असू शकतो' असंही आहे. तेवढं मात्र खरं. २०१३ साली सुरू झालेला इंदूरचा बीआरटीएस, म्हणजे फक्त बससाठी राखीव मार्गिका, तोडायला घेतला, माझ्या नकाशात मार्गिका अजून शाबूत.