शीरखुर्मा चालतो, भाडेकरू चालत नाही

रानजाई: काल इथेच एकांनी लिहिलं, "जातीधर्माचं रडगाणं पुरे. एकमेकांच्या सणांना जा, डबे वाटा, भेद आपोआप मिटतील." डोकंच फिरलं. आमच्या मजल्यावर दर ईदला भाभींच्या शीरखुर्म्यावर ताव मारणाऱ्यांनीच मीटिंगमध्ये "आता आणखी 'त्यांना' फ्लॅट नको" म्हणून हात वर केले. इतिवृत्तात अर्थातच अवाक्षर नाही. आधी हे होतं एवढं कबूल करा, मग गोडधोड. साने गुरुजी 1947 ला पंढरपुरात प्रसाद वाटत बसले नव्हते. दलितांना दार बंद आहे हे तोंडावर सांगून उपोषणाला बसले, तेव्हा विठ्ठलाचं दार उघडलं.

निवांत_पुणेकर: सोयीचे गुरुजी नकोत. तेच गुरुजी तुरुंगात तमीळ शिकले, आंतरभारतीचं, म्हणजे प्रांताप्रांतांनी एकमेकांची भाषा-संस्कृती शिकण्याचं, स्वप्न त्यांचंच. माणसं कळली की भांडणं निम्मी होतात.

रानजाई: उरलेली निम्मी कोण भांडणार? मीच ना?

साजूक_तूप: प्रत्येक गोष्टीत जात आणू नका. खाली कोणी सुकट भाजलं की आमच्या आईंना उलटी होते. हा भेदभाव नाही, त्रास आहे.

बोंबील_बहाद्दर: आणि तुमची हिंगाची फोडणी आमच्या बेडरूमपर्यंत येते ते? मुंबई कोळ्यांची, आणि वास आमचाच!

साजूक_तूप: एक्झॉस्ट लावा.

बोंबील_बहाद्दर: लावलाय. तो तुमच्याच खिडकीकडे आहे.

कायदेबाज: वासावरून भांडताय, पण 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी सोसायटीला सभासदत्व पारशांपुरतं ठेवायची मुभा दिली. कायद्याला चाललं तर तुम्हाला काय हरकत?

माळकरी_मुक्काम_नाही: वास वास काय लावलंय? आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, तीन पिढ्यांची वारी. एजंट फोनवर म्हणाला, "व्हेज ना? मग झालंच समजा. टोकन घेऊन या." मग आडनाव विचारलं. सांगितलं. "थांबा हं, मालकांना विचारतो." दहा मिनिटांत मेसेज, फ्लॅट गेला. जाहिरात महिनाभर तशीच होती. आता मी कुणाची संस्कृती समजून घेऊ? तुळशीची माळ त्यांच्याही गळ्यात होती.

साजूक_तूप: हे वाईट झालं. पण सगळे तसे नसतात.

माळकरी_मुक्काम_नाही: जे तसे नसतात त्यांचे नंबर द्या. घर अजून शोधतोय.

निवांत_पुणेकर: बरं बाई, जिंकलात. आधी कबुली, मग डबे. खूश? पण डबे बंद करू नका.

रानजाई: केव्हा केले? तुमच्या सोसायटीत एवढंच मांडा, की भाडेकरूला आडनावावरून नाकारायचं नाही. सूचक तुम्ही.

निवांत_पुणेकर: मी कमिटीवर नाही हो.

बोंबील_बहाद्दर: सभासद आहात ना, पुरे झालं. आणि त्याच सभेत सुकटाची वेळही ठरवून टाका.

साजूक_तूप: रविवार सोडून.